सांगाडा पक्का, आतल्या भिंती हलत्या हव्यात

संपादक महोदय,

हल्ली उंच इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. काम झपाट्याने होते, पण बहुतेक भिंती भार पेलणाऱ्या असल्याने पुढे दोन खोल्यांची एक करायची म्हटले तर हातही लावता येत नाही. मुले मोठी होऊन बाहेर पडतात, म्हातारे आई-वडील राहायला येतात; घर मात्र आपले तसेच. डच वास्तुरचनाकार जॉन हाब्राकेन यांनी १९६० च्या दशकातच सुचवले होते, की सांगाडा टिकाऊ असावा आणि आतली मांडणी राहणाऱ्याच्या हाती सोपवावी. नळ आणि वायरिंग काँक्रीटमध्ये पुरण्याऐवजी डक्टमधून नेले, तरी दुरुस्तीपायी भिंत फोडणे टळेल. अख्खी इमारत पाडून पुन्हा सिमेंट ओतण्यापेक्षा हे पर्यावरणालाही परवडेल.

सामाईक जागा नकाशावर असतातच, बहुधा कुठल्या तरी कोपऱ्यात आणि कुलूपबंद. (किल्ली कोणाकडे, हा स्वतंत्र पत्राचा विषय!) डेन्मार्कमध्ये १९७२ साली सहनिवास वसाहत उभी राहिली, तिथे घरे स्वतंत्र, पण एकत्र जेवायला सामाईक घर. एवढे नको असेल, तर निदान लिफ्टसमोर उजेड आणि एक बाक द्या.

– एक वाचक