गणपतीला येत नाहीये, रागावू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की आई "बरं" म्हणून गप्प बसते आणि बाबा लगेच पावसाचं विचारतात, म्हणून टाईप करतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं गाळायचं नाही.

तर, गणपतीच्या आधी परत येते म्हणाले होते ते आता जमत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पक्ष्यांची मोजणी संपेपर्यंत इथं जॉर्जियात बातुमीलाच थांबतेय, ठरलंय. रजा वाढवून मिळालीय, बिनपगारी आहे पण नोकरी शाबूत आहे, तेवढं आधी ऐका. (आणि समोरच्या काकांना परत एकदा सांगा, हे अमेरिकेतलं जॉर्जिया नाही.)

आई, तू म्हणशील पक्षीच मोजायचेत ना, मग दुसरं कोणी मोजेल की. पण बहुतेक जण दोन-तीन आठवड्यांसाठी येतात आणि जरा डोळा बसतो तोवर निघायची वेळ होते. माझा आता कुठं बसलाय. एका बाजूला काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ढगात बुडालेले डोंगर, मधे चिंचोळी पट्टी. घारी-गरुडांना तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा लागते, तिच्यावर गिरक्या घेत उंच जायचं आणि मग पंख न हलवता लांबपर्यंत घसरायचं. समुद्रावर ती हवा मिळत नाही, म्हणून आफ्रिकेकडे निघालेले सगळे या पट्टीतूनच जातात. सीझनला दहा लाखांच्या वर, आणि एकेका दिवसात लाखाच्या वर गेल्याच्याही नोंदी आहेत. 2008 पासून दर वर्षी हे मोजतायत. सध्या मधुबाजांची गर्दी आहे, ते संपत आले की गरुड सुरू होतील.

गिरकी चालू असताना मोजायचं नाही, नुसता गोंधळ होतो. वरून एकेक सुटून ओळीनं पुढं सरकायला लागले की अंगठ्याखालचं बटण दाबत राहायचं, टक टक टक. दोन टेकड्यांवर दोन टीम असतात, तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून एकमेकांना सतत विचारत राहायचं. भोवत्या या शिकारी पक्ष्यांच्या माद्या तर इतक्या सारख्या दिसतात की ओळख पटली नाही तर तसंच लिहायचं, अंदाजपंचे ठोकायचं नाही. बाबा, आपल्या सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर हिवाळ्यात दिसतात ना, तेच भोवत्ये. म्हणजे जात तीच, हे आपल्याकडं येणारे नव्हेत.

बाबा, आठवतंय का, 2001 च्या जनगणनेला मला स्कूटरवर पुढं उभं करून न्यायचात आणि मी खडूची डबी धरायचे? त्या कुलूप लावलेल्या घरासाठी तुम्ही रात्री परत गेलात, आणि एक घर राहिलं तर काय देश बुडणार आहे म्हणून आई किती चिडली होती. मग आता मला तरी काय बोलणार तुम्ही? खरं तर त्या दिवशी मी स्कूटरवरच झोपले होते आणि तुम्ही एका हातानं मला धरून गाडी चालवली, हे आईला अजून माहीत नाही, म्हणजे आता झालं.

खाण्यापिण्याची काळजी करू नका. ज्या घरी राहतेय तिथल्या आजींना माझी भाषा कळत नाही पण ताट रिकामं दिसलेलं चालत नाही, हे मात्र तुझ्याचसारखं आहे. लोबियो म्हणून राजम्याची उसळ असते आणि सोबत मक्याची जाड भाकरी, वर अंगणातली द्राक्षं. गरम पाणी आहे, पांघरूण दोन आहेत, पाऊस फार पडतो पण टेकडीवर छप्पर आहे. दादानं बंदुकीच्या आवाजाचं सांगितलं असेल तर ते गावातले काही लोक पक्ष्यांवर मारतात, आमच्याशी कुणाचं भांडण नाही. आता पूर्वीपेक्षा कमी झालंय म्हणतात, तरी ऐकू आलं की पोटात कालवतं.

महालक्ष्म्यांना साड्या नेसवायला मी नाही, हे लिहितानाच कसंतरी होतंय. वहिनीला निऱ्या छान जमतात, फक्त तिला सारखं टोकू नकोस. व्हिडिओ कॉल आरतीच्या वेळी कर, माझी तेव्हा दुपार असेल, कुणालातरी जागेवर बसवून खाली उतरेन.

आता ऐका. बाबा, डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवून ठेवू नका, डॉक्टर म्हणतील त्या तारखेला करून टाका, दादा चार दिवस येतोय, त्याच्याशी बोललेय. थेंब वेळेवर टाकायचे, मोबाईलवर अलार्म लावून दिलाय, तो बंद करून झोपायचं नाही. पुरणपोळी एकच, आणि शुगरचा आकडा खरा पाठवायचा, गोल करून नाही. आई, तू गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतला नव्हतास. शेंगा चटणी कुरिअर करू नकोस, दिवाळीचं तिकीट काढलंय, आल्यावर कडक भाकरीसोबत खाईन आणि मग आपण तिघं नान्नजला जाऊ, गाडी मी चालवणार.

तुमची,
चिमी

ता. क. मुखवटे माळ्यावर लाल ट्रंकेत आहेत, जुन्या साडीत गुंडाळलेले. बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही, दादा आल्यावर काढेल.