शिवसागराच्या काठावरून

तापोळा,
मे महिना

प्रिय मन्या,

फोनवर तू म्हणालास, "कोयनेत पाण्याशिवाय आहे काय?" तेव्हा रेंज गेली, म्हणून आता सविस्तर लिहितो.

सध्या शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणामागच्या तलावाचं, पाणी पार खाली गेलंय. काठाची लाल माती टप्प्याटप्प्यानं उघडी पडलीय आणि खाली, एरवी बुडालेल्या भागात, एका घराचं जोतं वर आलंय. दगड अजून ओळीत आहेत. कोपऱ्यात गाळ भरलाय, त्यात शिंपले रुतलेत. लाँचवाले काका म्हणाले, "हे आमच्या भावकीचं." एवढंच बोलले आणि इंजिन सुरू केलं.

कोयना आणि कृष्णा, दोघींचा उगम महाबळेश्वरचाच. पण ही दक्षिणेला निघते, सह्याद्रीच्या रांगांमधून साठ-पासष्ट किलोमीटर जाते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाआधीच १०३ मीटर उंचीचं धरण घालून तिला अडवलंय. मागे पन्नासेक किलोमीटर लांब शिवसागर, १०५ टीएमसीचा, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचा. वीज तयार होते ती मुख्यतः घाटाखाली. पाणी बोगद्यांतून पश्चिमेला नेऊन जवळजवळ पाचशे मीटर खाली पोफळीच्या बाजूला सोडतात. पुढे कोळकेवाडीला तेच पाणी अडवून पुन्हा वीज करतात आणि मग ते वाशिष्ठी नदीत जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी असं अरबी समुद्राला मिळतं! वीजप्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. १९९९ च्या मार्चमध्ये तर तलाव रिकामा न करता, पाण्याखालचा शेवटचा खडक सुरुंगानं उडवून चौथ्या टप्प्याचा बोगदा जोडला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झालं, धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. त्या अभियंत्यांबद्दल आणि बोगद्यात राबलेल्या मजुरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

म्हणूनच दुसरी बाजू जास्त सलते. ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांना उठवून कुठल्या कुठे पाठवलं, काहीजण तर थेट सोलापूरकडच्या कोरड्या रानात गेले. जे डोंगरात वर सरकले त्यांना पलीकडच्या काठावर जायला आजही लाँच किंवा तराफा लागतो. काल तराफ्यावर एक जीप, दोन मोटारसायकली, सिमेंटची पोती आणि एक आजारी आजी एकत्र होती. राज्याला उजेड देणाऱ्या खोऱ्यात दवाखान्यापर्यंतचा प्रवास असा असावा, हे मला पटत नाही. कोयनेचे प्रकल्पग्रस्त आजही जमिनीसाठी आंदोलनं करतात ते उगाच नाही.

आता मुद्द्याचं. काकांच्या घरच्या पर्यायी जमिनीचं प्रकरण वडिलांच्या काळापासून अडकलंय. प्रत्येक वेळी नवा दाखला मागतात. सातबाऱ्याचा जुना उतारा आणि संपादनाची नोटीस त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीय. दोन्हींचे फोटो पाठवतोय. तू वकिलीत अशी प्रकरणं चालवली आहेस, तेव्हा नीट वाच आणि पहिला अर्ज कुणाकडे करायचा ते कळव. फी मी देईन, त्यांच्याकडे मागू नकोस. जूनमध्ये पाऊस लागायच्या आत उत्तर आलं तर मीच त्यांना घेऊन साताऱ्याला जाईन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बापू