हर्णैच्या चाचांना, एका ट्रॅक्टरवालीकडून

चाचा, सलाम.

लावणीच्या ऐन घाईत बंद पडलेला ट्रॅक्टर चालू करून दिलात म्हणून फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, लावणी झाली का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून काढतेय, तेही चारचौघांत. तुमची नात वाचून दाखवेल.

लावणी झाली. पऱ्ह्यालगतचं, म्हणजे ओढ्याकडचं, खालचं खाचरसुद्धा उरकलं. मजूर बायकांना पुढच्या वाडीत जायची घाई होती, त्यामुळे शेवटच्या दोन ओळी जरा वाकड्या आहेत. पण हिरवं दिसतंय.

आधी तुमच्याअगोदर ज्यांना ट्रॅक्टरसाठी बोलावलं त्या इतरांबद्दल बोलते, कारण पोटात आहे ते बाहेर पडल्याशिवाय पुढचं नीट लिहिता येणार नाही. नावं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

उन्हाळ्यात ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग ज्यांनी केली, डिझेलचा फिल्टर ज्यांनी बदलला, तेच पहिले आले. डिझेल वर चढवायचा हातपंप चार वेळा मारला, ट्रॅक्टर चालू करून दिला, पैसे मोजून घेतले आणि गेले. दुसऱ्या दिवशी उजाडता पुन्हा तेच. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. फोन केला तर म्हणाले, बॅटरी बघा. स्टार्टरच्या आवाजाने परड्यातल्या कोंबड्या उधळतायत आणि म्हणे बॅटरी!

दुसऱ्यांनी बॉनेट उघडलं, हात मागे बांधून आत बघितलं आणि निकाल दिला: इंजिनाला डिझेल देणारा पंप गेला. काढून चिपळूणला पाठवावा लागेल, आठ-दहा दिवस धरा. आर्द्रा लागलेली, खाचरं तुडुंब भरलेली, रोपं लावणीला आलेली. आमच्या दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगतं की 21 ते 25 दिवसांची रोपं लावावीत, जून झाली की फुटवा कमी येतो. त्यात भाड्याचे ट्रॅक्टर सगळे पुढचे दिवस धरून बसलेले, आणि वाडीत बैलांची जोडी उरलीय ती एकच. अशा वेळी आठ-दहा दिवस धरा म्हणजे काय, ते त्या गृहस्थांना सांगून उपयोग नव्हता. त्यांचं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

तिसऱ्यांनी तर यायचीही तसदी घेतली नाही. मी काय होतंय ते सांगायला लागले तशी मधेच म्हणाले, "घरात कोणी पुरुष माणूस असेल तर त्यांच्याकडे फोन द्या." पुरुष माणूस आहे, विरारला असतो, गणपतीला येतो. ट्रॅक्टरच्या सीटवर तो फोटोपुरता बसलाय. चिखलणीची लोखंडी चाकं मी चढवते, रोटाव्हेटर मी जोडते, बांधावरून वळवताना जीव मुठीत धरते तीही मीच. पण फोन द्यायचा कोणाकडे, तर त्याच्याकडे.

तेव्हा माझा भाऊ म्हणाला, आमच्या बोटीचं इंजिन बघतात ते चाचा सध्या घरीच असतील, विचारून बघू. जून-जुलै मासेमारीला बंदी, बोटी वर ओढून झाकून ठेवलेल्या, तुम्हाला तेवढीच उसंत. ट्रॅक्टरचं काम म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "डिझेलच पितो ना? मग येतो."

आलात ते भर पावसात. आल्यावर बॉनेटला हात लावला नाहीत. मला विचारलंत, "स्टार्टर मारल्यावर धूर पडतो का? कसला पडतो?"

एवढ्यांनी ट्रॅक्टर बघितला, पण मला प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, धूरच पडत नाही. तुम्ही मान हलवलीत. "पांढरा पडला असता तर डिझेल जातंय पण पेटत नाही म्हटलं असतं. काहीच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. मग पंपाचं नाव कशाला घ्यायचं?" मग विचारलंत, दिवसा एकदा चालू झाला की चालतो का? चालतो. रात्रभर उभा राहिला की सकाळी मरतो? हो, अगदी तसंच. तुम्ही हसलात. ट्रॅक्टरला हात न लावता तुमचं अर्धं काम झालं होतं, आणि ते माझ्या उत्तरांवर झालं होतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ती गोष्ट.

तुम्ही गुडघे टेकायला गोणपाट आणलं होतं, घडी घालून. ते चिखलात टाकलंत, बसलात आणि वर बघितलंत. मी छत्री घेऊन उभी. तुम्ही उठलात, घडी उलगडलीत आणि अर्धं गोणपाट माझ्या बाजूला सरकवलंत. "बसा ना. उभ्याने काय दिसणार?"

चाचा, तुमच्या लक्षातही नसेल. पण सगळं दाखवून होईपर्यंत तुमचा एक गुडघा गोणपाटाबाहेर चिखलात होता. जाताना तुमची पँट मी बघितली ना.

आणि दाखवलंत ते किती! पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. हवा जोरात दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना नळी गरम होते तशी, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, फवारा मारणारं नोझल उघडतच नाही. इतकी वर्षं "एअर धरली, एअर धरली" ऐकत होते, पण एअर धरते म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या चिखलात बसून कळलं. आमच्या ट्रॅक्टरची टाकी खाली आणि फिल्टर वर, त्यामुळे सांधा सैल असला तरी बाहेर थेंब दिसत नाही. हवा आत शिरते आणि रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरतं. सकाळी नळी रिकामी.

सैल होता तो फिल्टरवरच्या नळीच्या बोल्टाखालचा तांब्याचा वायसर. फिल्टर नवा घातला होता, वायसर जुनाच ठेवला होता. दोन-चार रुपयांची वस्तू असेल. एकदा आवळलं की तांबं कडक होतं, मग पुन्हा नीट बसत नाही, असं तुम्ही म्हणालात आणि विचारलंत, "चुलीत निखारे आहेत का?"

सासूबाईंना वाटलं, चहाचं विचारताय. न्हाणीच्या चुलीत तो एवढासा वायसर सांडशीत धरून तुम्ही लाल केलात आणि पाण्यात सोडलात, तेव्हा त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "सोनाराचं काम करता की काय?" तांबं तापवून सोडलं की मऊ होतं, पुन्हा सांध्यात दबून बसतं. पॉलिश पेपरवर घासून बसवलात. हवा कशी काढली ते इथे लिहीत बसत नाही, पण पाना माझ्या हातात होता. आधी फेस आला, मग नुसतं डिझेल, आणि "आता आवळा" तुम्ही म्हणायच्या आत मी आवळला होता.

आमच्या घरी पूर्वी आंब्याची कलमं बांधायला एक म्हातारबुवा यायचे. पोरं भोवती जमली की ते मुद्दाम सावकाश बांधायचे, सगळ्यांना दिसावं म्हणून. उलट हुन्नर असलेली कितीतरी माणसं मी बघितलीत, बघणारा जवळ आला की पाठ करून बसणारी. पाठ करणाऱ्यांचा धंदा बुडत नाही हेही खरं. पण तुमचाही कुठे बुडालाय? वाडीतले दोघे जण आता पॉवर टिलरसाठी तुमचा नंबर मागतायत.

आणि ते पैसे. इंजिन धडधडायला लागलं, मी पाकीट आणायला आत गेले, तर म्हणालात, "आज नको. सकाळी तुमच्या हाताने चालू झाला तर फोन करा." सकाळी पहिल्या फटक्यात चालू झाला. फोन केला तर शाबासकी नाही, काही नाही, फक्त "धूर कसला पडला?" म्हटलं, आधी जरासा पांढरा, मग साफ. "मग झालं." ठेवून दिलात फोन!

झालं कुठे? हिशेब राहिलाय. येण्याजाण्याचं पेट्रोल तेवढं घेईन म्हणता, ते मला मान्य नाही. 1 ऑगस्टला बंदी उठली की तुम्ही सापडायचे नाहीत, म्हणून आधी येऊन काय ते सांगून जा. आला नाहीत तर भात झोडून झालं की तांदळाचं पोतं ट्रॉलीत टाकून थेट बंदरावर आणते. ट्रॅक्टर मीच चालवणार आहे. भांडायचं ते तिथे लिलावाच्या गर्दीत भांडा.

तुमची,
खाचरावाली ताई