गोळी का सोडली, हे आधी विचारा

महोदय,

२४ मेच्या जागतिक स्किझोफ्रेनिया दिनाला ‘रुग्ण गोळ्या सोडतात, म्हणून आजार उलटतो’ असं दरवर्षी छापून येतं. खरं आहे, पण अर्धंच. कोणती गोळी सुटली आणि कशापायी, हेही लिहायला हवं.

स्किझोफ्रेनियाच्या औषधांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘केटी’ (CATIE) चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. १८ महिन्यांत ७४ टक्के रुग्णांचं पहिलं औषध बंद झालं. कुणी स्वतः सोडलं, कुणाचं डॉक्टरांनी बदललं. ओलॅन्झापीन बंद होण्याचं प्रमाण सर्वांत कमी, ६४ टक्के, क्वेटियापीनचं ८२. जुनं, स्वस्त परफेनाझीन (७५) रिस्पेरिडोनच्या (७४) बरोबरीनं टिकलं. मात्र ओलॅन्झापीनवर महिन्याला सरासरी ९०० ग्रॅम वजन वाढलं. म्हणून ते सुरू करतानाच वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर लिहून ठेवावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी काहींना एका जागी बसवत नाही. दोन घास खाल्ले की ताटावरून उठायचं, येरझाऱ्या घालायच्या, पुन्हा बसायचं. घरच्यांना वाटतं आजारच बळावला. त्या समजुतीनं डोस वाढवला की तळमळ आणखी वाढते आणि रुग्ण गोळी थुंकून टाकतो. इथे डॉक्टरांनी डोस उतरवावा, औषध बदलावं किंवा ही तळमळ कमी करणारं प्रोप्रानोलॉल जोडून पाहावं. रिस्पेरिडोन आणि अ‍ॅमिसुल्प्राइडमुळे पाळी थांबू शकते. बायका हे संकोचानं बोलत नाहीत, आपणच विचारायला हवं.

कधी औषध घेऊनही लागू पडत नाही. ल्युरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबतच नीट शोषलं जातं. चहा-बिस्किटावर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. रिस्पेरिडोनचं द्रावण तर चहात मिसळूच नये, आणि आपल्याकडे लपवून द्यायचं झालं की नेमका चहाच पुढे येतो!

रोजची गोळी नकोच असेल, तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं फ्लुफेनाझीन डेकानोएटचं इंजेक्शन जुनंच आहे. त्यात तारीख चुकली की त्याच दिवशी कळतं. स्वीडनमधल्या २९,८२३ रुग्णांच्या २०१७ च्या अभ्यासात, त्याच औषधाच्या गोळ्यांपेक्षा अशा इंजेक्शनांवर पुन्हा भरती होण्याचा धोका २० ते ३० टक्क्यांनी कमी होता. इतर औषधं लागू न पडल्यास दिलं जाणारं क्लोझापीनही भरती टाळण्यात तिथे वरच्या रांगेत होतं. पण क्लोझापीनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर जुना डोस एकदम कधीही देऊ नका. रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांना कळवून १२.५ मिलिग्रॅमपासूनच पुन्हा चढवत न्यावं लागतं.

— एक मनोविकारतज्ज्ञ, सोलापूर