दरवाजा लावून घे

चि. सोनालीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी परत लावला नाही. रागानं नाही. लावला असता तर पुन्हा तेच बोललो असतो. आई उद्या सुशांतच्या मित्राबरोबर पिशवी पाठवतेय, त्यात हे पत्र चटणीच्या डब्याखाली ठेवतोय. जेवून झाल्यावर वाच.

रविवारी आधी जे बोलायला पाहिजे होतं ते राहूनच गेलं. तू सेटर झालीस, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर. दोन वर्षांच्या आत. मी संध्याकाळी उद्यमनगरात जाऊन चौघांना सांगून आलो. पाटीलमामांना तर दोनदा सांगितलं. "पोरगी सीएनसीवर सेटर?" असं त्यांनी विचारलं तेव्हा माझा आवाज जरा चढलाच असेल.

मला एवढं लवकर काही मिळालं नव्हतं. 1988 ला कळंब्याच्या आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याचा, कागद घेऊन बाहेर पडलो आणि पहिले आठ महिने लोखंडाचा बुरा गोळा केला, लेथ पुसले, लोकांचा चहा आणला. मेस्त्री टूल घासू द्यायचे नाहीत. शेवटी एका शनिवारी एचएसएसचा, म्हणजे हाय स्पीड स्टीलचा, अर्ध्या इंचाचा तुकडा हातात दिला आणि म्हणाले, घास. ग्राइंडरवर धरायचा, पाण्यात बुडवायचा, परत धरायचा. तापून निळा पडला की ते हातातून काढून घ्यायचे. सात तुकडे निळे झाले. आठव्याची धार त्यांनी नखावर टेकवून बघितली आणि काही न बोलता लेथला लावली. त्या दिवशी मी घरी चालत नाही, पळत आलो होतो. अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांना काय झालं ते सांगितलं तर म्हणाले, अजून वीस वर्षं आहेत शिकायला.

तुझं काम वेगळं आहे, हे मला कळतं. ऑपरेटरनं जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायचा, काढायचा, ठरल्या पीसनंतर माप घेऊन रिपोर्टवर लिहायचं, टूलच्या टोकाचा इन्सर्ट झिजला की फिरवायचा आणि काही बिघडलं की सेटरला हाक मारायची. आता ती हाक तुला येणार. जॉब पकडणारे सॉफ्ट जॉ मापात बोअर करायचे, टूलच्या मापाचे ऑफसेट द्यायचे, नवा प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ करून, सावकाश चालवून बघायचा, पहिला पीस क्वालिटीकडून ओके करून घ्यायचा. मशीन ठोकली तर पहिलं नाव तुझं. हे तूच मला समजावलं होतंस, दिवाळीत, वहीवर चौकोन काढून. ती वही मी ठेवली आहे.

आणि मग तू सहज बोलल्यासारखं सांगितलंस की सेटिंगच्या वेळी मशीनच्या दरवाजाच्या स्विचमध्ये दुसरी चावी घालून ठेवतात. दरवाजा उघडा, पण मशीनला वाटतं बंद आहे. जॉब धरणारा चक फिरत असताना आत बघता येतं, वेळ वाचतो, सगळेच करतात. तिथं माझा तोल गेला. "दोन वर्षांत शहाणी झालीस काय," असं मी म्हणायला नको होतं. तुझा आवाज बदलला तो मला कळला. माफ कर.

पण चावी काढ, सोनाली.

हे पत्र उपदेशाचं करायचं नाही असं ठरवून बसलो होतो. हायड्रॉलिक चक किती वेगानं फिरतो, जॉब निसटला तर तो काचेला अडतो की माणसाला, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आम्हाला सरांनी 1948 च्या कारखाना कायद्याचं 21 वं कलम फळ्यावर लिहून दिलं होतं, फिरत्या भागांना आडोसा पाहिजे म्हणून. 111 वं पण दिलं होतं, कामगारानं स्वतः सुरक्षेच्या साधनाशी छेडछाड करायची नाही. मधल्या एका कलमात चालत्या मशीनच्या धोक्याच्या भागाची साफसफाई, तेलपाणी बाईमाणसाला करू द्यायचं नाही असंही होतं. तेव्हा वर्गात एकही मुलगी नव्हती, त्यामुळं त्यावर कोणी काही विचारलं नाही. मला आज ते कलम आठवलं आणि वाटलं, पुरुषाचं बोट काय लोखंडाचं असतं?

आता बोटाचंच सांगतो. तुला लहानपणापासून सांगत आलोय की माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट उसाच्या चरकात गेलं. शाळेत निबंधातसुद्धा तू तेच लिहिलं होतंस. ते खोटं आहे. आईला खरं माहीत आहे, अण्णांना माहीत होतं.

1991 चा पावसाळा होता. पंपाच्या एका पार्टचा बोअर, म्हणजे आतलं भोक, करत होतो. मापात आला होता, फक्त आतून गुळगुळीत करायचा राहिला होता. घासायचा एमरी पेपर काठीला लावून करायचं, हे पहिल्या महिन्यात मेस्त्रींनी शिकवलं होतं. मी बोटाला गुंडाळला आणि फिरत्या बोअरमध्ये घातला. त्याआधी शंभर वेळा तरी तसं केलं असेल. एमरी धरला गेला आणि बोट आत पिळलं. लेथ बंद करायला माझाच उजवा हात गेला, तो कसा गेला मला आठवत नाही. मेस्त्रींनी पंचा गुंडाळला आणि स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. दोष कोणाचा नव्हता, मालकाचा नाही, मशीनचा नाही.

मी तेव्हा नवखा नव्हतो. लेथवर तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी मला चकची भीती वाटायची, म्हणून हात शाबूत राहिले. मग हात बसला, आवाजावरून टूल झिजलेलं कळायला लागलं, लोक मला विचारायला यायला लागले, आणि भीती गेली. तुझं आता तेच वय चाललंय. तुला काम येत नाही म्हणून मी ओरडलो नाही गं. तुला काम यायला लागलं म्हणून घाबरलो.

चरकाची गोष्ट का सांगितली तेही लिहितो. तू चौथीत असताना वर्कशॉपमध्ये डबा घेऊन यायचीस आणि लेथसमोरून हलायची नाहीस. बुऱ्याच्या निळ्या कुरळ्या गोळा करायचीस. खरं सांगितलं असतं तर तुला लेथची भीती बसली असती आणि मला ते नको होतं. आता वाटतं, सांगायला पाहिजे होतं.

तुझ्या हाताखाली चार ऑपरेटर आहेत म्हणालीस. त्यातली एक गडहिंग्लजची, तुझ्यापेक्षा लहान. तू चावी घातलीस की ती पण घालणार. सुपरवायझर वेळेवरून बोलेल, बोलू दे. झालं, परत उपदेश सुरू झाला. थांबतो.

खोलीत गिझर बसवला का? घरमालकाला मी फोन करू की नको? तू नको म्हणालीस तर नाही करणार.

सध्या रात्रपाळी आहे ना. मी रात्रपाळीला निघताना उंबऱ्यातून म्हणायचो, दरवाजा लावून घे, आणि आतून कडीचा आवाज आल्याशिवाय जिना उतरायचो नाही. आता शिफ्ट सुरू झाली की मला मेसेज कर. जास्त काही लिहू नकोस. "लावला" एवढंच लिही. मी जागाच असतो.

तुझे,
आबा

ता.क. डब्याशेजारी फडक्यात माझा मिटुटोयोचा मायक्रोमीटर आहे. सेटरकडं स्वतःचा असावा. वापरायच्या आधी झीरो बघून घे. माप घेताना चक पूर्ण थांबू दे.