वाक्य कुणाच्या तोंडी आहे, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत सुविचारांची जी चौकट असते, तिच्यात गेल्या आठवड्यात इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या नावावर 'वाचनासारखा आनंद दुसरा नाही' हे वाक्य आलं आहे. वाक्य तिच्याच कादंबरीतलं, यात वाद नाही. पण ते तिने कुणाच्या तोंडी घातलंय, हे पाहिलं असतं तर सुविचार म्हणून छापायला कुणी धजावलं नसतं.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली (१८१३) एक संध्याकाळ. कादंबरीचा नायक डार्सी वाचत बसलाय. कॅरोलाइन बिंग्लीचा त्याच्यावर डोळा, म्हणून तीही पुस्तक उघडते. तेही कुठलं, तर तो वाचतोय त्याचाच दुसरा खंड. स्वतःच्या पुस्तकाइतकंच तिचं लक्ष त्याच्या पानाकडे. तो काही बोलायला तयार नाही. अखेर बाई एक लांबलचक जांभई देतात आणि वाचनाच्या आनंदाचे गोडवे गातात. वर, माझं स्वतःचं घर होईल तेव्हा उत्तम ग्रंथसंग्रह नसेल तर मला चैन पडणार नाही, अशी पुस्ती. कुणी हूं की चूं करत नाही. पुन्हा एक जांभई, आणि पुस्तक जातं बाजूला!

आपल्या उपसंपादकांना एकट्यांनाच बोल लावत नाही. बँक ऑफ इंग्लंडने २०१७ साली, ऑस्टिनच्या मृत्यूला २०० वर्षं झाली तेव्हा, १० पौंडांच्या नव्या नोटेवर तिच्या चित्राखाली नेमकं हेच वाक्य छापलं. लोकांनी टीका केली, पण नोट निघालीच.

मी मिरजेजवळच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे. 'वैवाहिक सुख हा निव्वळ नशिबाचा भाग' हे ऑस्टिनचं आणखी एक लाडकं 'वचन'. तेही तिचं नव्हे, याच कादंबरीतल्या शार्लट लूकसचं. शार्लट २७ वर्षांची, रूप बेताचं, हाती पैसा नाही. तिची मैत्रीण, कादंबरीची नायिका एलिझाबेथ, ते हसण्यावारी नेते. पुढे शार्लट घरादारासाठी कॉलिन्ससारख्या बडबड्या पाद्र्याशी लग्न करते आणि आपली बैठक घराच्या मागच्या लहान खोलीत मांडते. समोरची चांगली खोली सोडून इथे का, हा एलिझाबेथला पडलेला प्रश्न. मग तिच्या ध्यानात येतं : नवऱ्याची खोली रस्त्याकडे तोंड करून आहे, तो खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत रमतो आणि मागे फिरकत नाही. बागकाम तब्येतीला किती चांगलं, हेही शार्लट त्याला मनापासून सांगते. त्या एका खोलीत संसाराबद्दल जे आहे, ते चौकटीत कसं मावणार?

कादंबरीच्या सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध वाक्याचंही तेच. पैसेवाल्या सड्या पुरुषाला बायको हवीच असते, हे म्हणे जगन्मान्य सत्य! त्या पुरुषाला कुणी विचारलेलंच नसतं. गरज आहे ती पाच मुलींच्या आईला, कारण बाप गेला की इस्टेट दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार. स्थळाचं नाव कळायच्या आधी त्याची एकरं कळतात अशा गावांतून माझ्या विद्यार्थिनी यायच्या. त्यांना यातली खोच समजावून सांगावी लागली नाही. पहिल्याच तासाला वर्ग खिदळला.

म्हणून विनंती एवढीच, की कादंबरीतलं वाक्य छापताना ते कोण कुणाला म्हणतंय, याची एक ओळ खाली द्यावी. जागा नसेल तर फुलाचं चित्र काढून टाका.

आणि खुद्द ऑस्टिनचाच आवाज हवा असेल तर तिची पत्रं आहेत. बहीण कॅसँड्राने बरीचशी जाळली, तरी सुमारे १६० उरली. २४ डिसेंबर १७९८ च्या पत्रात ती, वय वर्षं २३, बहिणीला लिहिते की लोक फार चांगले असावेत अशी माझी अपेक्षाच नाही, त्यांच्यावर फार जीव लावण्याचा त्रास वाचतो. हे खुशाल तिच्या नावावर छापा. दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करून झाल्यावर छापलंत तर बरं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, मिरज