पुनःप्रक्षेपणाचे वावडे कशाला?

नाताळात वाहिन्या दरवर्षी तेच ते चित्रपट दाखवतात, ही आपल्या अंकातील लेखातली तक्रार पटली नाही. फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ साली आला तेव्हा त्याचा खर्चही निघाला नव्हता. १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेल्याने तो शुल्क न देता दाखवता येऊ लागला आणि अमेरिकेतील वाहिन्यांनी तो नाताळात वारंवार दाखवायला सुरुवात केली. तेव्हा कुठे तो घरोघरी पोहोचला. खिशात लेकीच्या फुलाच्या पाकळ्या सापडताच चित्रपटाचा नायक जॉर्ज बेली याचा चेहरा उजळतो. तो प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी माझा गळा दाटून येतो. कथा ठाऊक असल्यामुळेच त्याची आतुरतेने वाट पाहिली जाते. आक्षेप घ्यायचाच, तर असे प्रसंग जाहिरातींसाठी मध्येच तोडण्याला घ्यावा.

– एक वाचक